ऑनलाइन मोटार विमा नूतनीकरण: सेवा झटपट, पण आयडीव्हीचा आकडा स्वतः तपासावा

मोटारीचा विमा ऑनलाइन घेताना बहुतेकांची नजर आधी हप्त्याच्या आकड्यावर जाते, आणि विमा विकणाऱ्या संकेतस्थळांची मांडणीही याच सवयीला धरून केलेली असते. आमच्या गाडीच्या पॉलिसीचे नूतनीकरण या वेळी मी अशाच एका तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळावरून केले. वेग, कागदपत्रांची सोय आणि पैसे भरण्याची सुलभता या बाबतीत सेवा चांगली आहे, यात शंका नाही. परंतु गाडीचे विमा-मूल्य, म्हणजे सर्वजण ज्याला आयडीव्ही म्हणतात तो आकडा, कसा ठरतो हे ग्राहकाला समजावून सांगण्यात ती फारच कमी पडते. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर हातात किती रक्कम पडेल हे याच आकड्यावर ठरत असल्यामुळे ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. संकेतस्थळाचे नाव येथे देत नाही, कारण इतर दोन-तीन ठिकाणी पडताळून पाहिले तेव्हा मांडणी थोड्याफार फरकाने तशीच दिसली.

गाडीचा नोंदणी क्रमांक टाकला की मॉडेल, इंधन आणि नोंदणीचे वर्ष आपोआप भरले जाते आणि लगेच निरनिराळ्या कंपन्यांचे हप्ते एकाखाली एक दिसू लागतात. सर्वात कमी हप्ता सर्वात वर असतो. प्रत्येक कंपनीच्या नावाखाली बारीक, फिकट अक्षरांत त्या कंपनीने धरलेली आयडीव्ही लिहिलेली असते, आणि ती प्रत्येकीची वेगळी असते. पहिल्या क्रमांकावरच्या कंपनीचा हप्ता कमी होता, कारण तिने गाडीची किंमतच इतरांपेक्षा कमी धरली होती. आयडीव्ही बदलण्याची सोय आहे, पण ती गाळणीच्या (फिल्टरच्या) खुणेमागे दडलेली आहे, आणि तेथे गेल्यावर ‘सर्वात कमी हप्त्यासाठी’ हा पर्याय आधीच निवडलेला आढळतो. ग्राहकाने काहीही न करता पुढे जात राहिल्यास तो किमान आयडीव्हीवर पॉलिसी घेऊन मोकळा होतो, आणि आपण काय निवडले हे त्याला कळतही नाही. या सेवेविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आयडीव्ही ठरवण्याची पद्धत मुळात अवघड नाही. 2002 च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात ती घालून दिलेली आहे. 1 जानेवारी 2007 पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे विमा-दर खुले झाले, तरी घसाऱ्याचा, म्हणजे वयानुसार गाडीच्या किमतीत धरल्या जाणाऱ्या घटीचा, तो तक्ता आजही पॉलिसीच्या छापील अटींत बहुतांशी तसाच आढळतो. पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी त्या मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री-किंमत घ्यायची आणि गाडीच्या वयानुसार घसारा वजा करायचा. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर 5 टक्के, सहा महिने ते एक वर्ष असेल तर 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40 आणि पाचव्या वर्षात 50 टक्के. पाच वर्षांनंतर, तसेच उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी, तक्ता संपतो आणि विमा कंपनी व मालक यांच्या परस्पर संमतीने मूल्य ठरवले जाते. नोंदणीचा खर्च, रस्ता-कर आणि विम्याचा हप्ता यांचा या किमतीत समावेश नसतो. त्यामुळे शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीचीही आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्केच धरली जाते. ऑन-रोड किमतीशी तिची तुलना करणाऱ्या नव्या मालकांना धक्का बसतो तो यामुळे.

यातील एक मुद्दा अनेक जाणकार माणसांच्याही नजरेतून सुटतो. हिशेबाचा पाया आपण गाडी घेताना मोजलेल्या पैशांचा नसून पॉलिसी सुरू होताना असलेल्या किमतीचा असतो. उत्पादकाने त्या मॉडेलची किंमत वाढवली की जुन्या गाडीच्या आयडीव्हीलाही त्याचा आधार मिळतो, आणि किंमत उतरली की आयडीव्हीही उतरते. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. लहान पेट्रोल गाडीवर पूर्वी 28 टक्के कर आणि 1 टक्का उपकर मिळून 29 टक्के लागत असत. ही सवलत उत्पादकाने पूर्णपणे ग्राहकापर्यंत पोहोचवली असेल तर करासहित किंमत साडेआठ टक्क्यांच्या आसपास खाली आली. त्यानंतर नूतनीकरण करणाऱ्या अनेकांना आयडीव्ही अपेक्षेपेक्षा अधिक घसरलेली दिसली असेल, त्याचे एक कारण हे आहे. संकेतस्थळाने ही गोष्ट एका ओळीत सांगितली असती तरी पुष्कळ गोंधळ टळला असता.

आमच्या गाडीचाच हिशेब मांडते. 1,197 घनसेंमी क्षमतेच्या इंजिनाची ही पेट्रोल हॅचबॅक आम्ही वापरलेली घेतली होती. त्यामुळे तिची नोंदणीची तारीख आणि आमच्या पॉलिसीची तारीख जुळत नाहीत, आणि नूतनीकरणाच्या वेळी तिला तीन वर्षे पूर्ण होऊन काही महिने लोटले होते. मॉडेलची सध्याची एक्स-शोरूम किंमत हिशेबाच्या सोयीसाठी 8,00,000 रुपये धरू. चौथ्या वर्षाचा 40 टक्के घसारा वजा केल्यावर 4,80,000 रुपये उरतात. कंपन्या या आकड्याच्या थोड्या खाली-वर जाण्याची मुभा देतात. पडद्यावर दहा टक्क्यांची कक्षा होती, म्हणजे 4,32,000 पासून 5,28,000 पर्यंत. आधीच निवडलेला आकडा अर्थातच 4,32,000 होता.

प्रत्यक्षात त्याहीआधी एक दुरुस्ती करावी लागली. नोंदणी क्रमांकावरून संकेतस्थळाने मॉडेल बरोबर ओळखले, पण व्हेरियंट मात्र खालच्या श्रेणीचा उचलला. आमच्या गाडीला सहा एअरबॅग आणि टचस्क्रीन आहेत. पडद्यावर निवडलेल्या श्रेणीत त्या नव्हत्या आणि तिची किंमत आमच्या श्रेणीपेक्षा बरीच कमी होती. व्हेरियंट चुकला की हिशेबाचा पायाच चुकतो आणि पुढची सर्व टक्केवारी चुकीच्या किमतीवर लागते. चुकीच्या वर्णनामुळे दाव्याच्या वेळी वाद निर्माण होण्याची शक्यता राहते ती वेगळीच. आरसी पुस्तक किंवा मूळ बिल समोर ठेवून व्हेरियंटचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे, हे वापरलेली गाडी घेणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन.

कमी आयडीव्ही घेतल्याने नेमके किती वाचतात, हे पाहण्यासाठी जुने दरपत्रक उपयोगी पडते. पुणे त्या दरपत्रकातील ‘अ’ विभागात येते. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद ही शहरेही त्याच विभागात आहेत. पाच वर्षांपर्यंतच्या आणि 1,000 ते 1,500 घनसेंमी क्षमतेच्या गाडीसाठी मूळ दर आयडीव्हीच्या 3.283 टक्के आहे. कंपन्या त्यावर भरघोस सूट देतात. आपण ती 60 टक्के धरू आणि दोन वर्षे दावा न केल्याबद्दल मिळणारा 25 टक्के नो क्लेम बोनसही धरू. 4,80,000 ऐवजी 4,32,000 आयडीव्ही घेतल्यास मूळ हप्त्यात 1,576 रुपयांचा फरक पडतो, सूट आणि बोनस वजा जाता तो 473 रुपयांवर येतो, आणि 18 टक्के जीएसटी धरून 558 रुपये होतो. म्हणजे वर्षाला साडेपाचशे रुपये वाचवण्यासाठी मालक 48,000 रुपयांच्या संरक्षणावर पाणी सोडतो. थर्ड पार्टी विम्याच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांना झालेल्या हानीसाठीच्या विम्याच्या, हप्त्याचा आयडीव्हीशी संबंधच नसतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार या क्षमतेच्या खासगी गाडीला तो 3,416 रुपये आहे आणि सर्व कंपन्यांकडे तेवढाच आहे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करायची असेल तर आधी दोन्हीकडे आयडीव्ही सारखी करून घ्यावी. तसे केल्यावर आमच्या यादीतला पहिला क्रमांक खाली घसरला आणि दुसरीच कंपनी स्वस्त ठरली.

कमी आयडीव्हीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो कोणत्याही विक्री-पानावर मला वाचायला मिळाला नाही. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून अधिक होत असेल तर पॉलिसीच्या अटींनुसार गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आयडीव्ही 4,80,000 असेल तर ही मर्यादा 3,60,000 रुपयांवर येते, आणि 4,32,000 असेल तर 3,24,000 वर. समजा अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च 3,40,000 रुपये ठरला. जास्त आयडीव्ही असलेल्या मालकाची गाडी दुरुस्त होऊन परत येते. कमी आयडीव्ही असलेल्या मालकाची तशीच गाडी मात्र पूर्ण नुकसानीत जाते आणि त्याला 4,32,000 रुपयांतून सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा ठरावीक वाटा, कापून उरलेली रक्कम मिळते. तेवढ्या पैशांत त्याच प्रतीची दुसरी गाडी मिळेलच असे नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य मोटारी छतापर्यंत पाण्याखाली गेल्या होत्या. पुराचे पाणी वायरिंग, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, आसने आणि इंजिन या सर्वांत शिरले की दुरुस्तीचा खर्च पाहता पाहता 75 टक्क्यांची रेषा ओलांडतो. कोकणात, कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी किंवा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सखल भागात राहणाऱ्यांनी ही टक्केवारी विशेष ध्यानात ठेवावी.

मात्र एक दिलासाही येथेच नमूद करायला हवा. पॉलिसी सुरू असताना पूर्ण नुकसानीच्या दाव्यासाठी आयडीव्हीवर पुन्हा घसारा लागत नाही. पहिल्या महिन्यात गाडी चोरीला गेली काय किंवा अकराव्या महिन्यात गेली काय, वर्षभर तोच आकडा गाडीचे बाजारमूल्य म्हणून धरला जातो. नूतनीकरणाच्या वेळी स्वतः मान्य केलेल्या मूल्यावरून कंपनीला नंतर मनमानीपणे मागे फिरता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानेही 2008 च्या एका निकालात घेतली आहे. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, बाजारभावाचे कारण पुढे करून आकडा खाली आणू लागला, तर ग्राहकाने पॉलिसीतील ही अट दाखवावी. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला शुल्क लागत नाही.

संकेतस्थळावरील मदतीच्या चौकटीत ‘झीरो डेप घेतल्यास पूर्ण रक्कम मिळते’ असे एक वाक्य होते. झीरो डेप हे घसाऱ्यासाठीचे पूरक संरक्षण आहे, पण ते वाक्य दिशाभूल करणारे आहे. घसारा दोन प्रकारचा असतो. संपूर्ण गाडीच्या किमतीवरचा घसारा आयडीव्ही ठरवताना लागतो. सुट्या भागांवरचा घसारा दुरुस्तीच्या दाव्यात लागतो, आणि त्याचा तक्ता अगदी निराळा आहे. रबर, प्लास्टिक, नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबर ग्लासवर 30 टक्के, काचेवर काहीही नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार तो कापला जातो. झीरो डेप या दुसऱ्या घसाऱ्याची भरपाई करते. पुढचा बंपर फुटला तर ती उपयोगी पडते, गाडी चोरीला गेली तर ती आयडीव्ही एका रुपयानेही वाढवत नाही. उलटपक्षी, किरकोळ दुरुस्तीच्या दाव्यात कमी आयडीव्हीच्या प्रमाणात रकमेला कात्रीही लागत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे कमी आयडीव्हीवर गाडी चालवणाऱ्यांना आपली पॉलिसी उत्तम आहे असे वाटत राहते.

ज्यांना मूळ किंमत परत हवी आहे त्यांच्यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे वेगळे पूरक संरक्षण असते. ते आयडीव्ही आणि बिलातील किंमत यांच्यातील तफावत भरून काढते, आणि अनेक कंपन्यांच्या योजनांत रस्ता-कर व नोंदणीशुल्कही त्यात धरले जाते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर 11 टक्के रस्ता-कर लागतो, म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर 88,000 रुपये. हे संरक्षण नसेल तर पहिल्याच महिन्यात गाडी चोरीला गेल्यास मालकाला 7,60,000 रुपयांच्या आसपास रक्कम मिळते आणि कर व घसारा मिळून सव्वा लाखाहून अधिक रुपये बुडतात. गाडी कर्जावर असेल तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. आयडीव्हीपेक्षा कर्जाची बाकी जास्त असल्यास गाडी गेल्यावरही हप्ते चालू राहण्याची वेळ येते. म्हणून कर्ज काढून नवी गाडी घेणाऱ्याला पहिली तीन वर्षे हे संरक्षण मी निःसंकोच सुचवेन. त्यापुढे बहुतेक कंपन्या ते देतही नाहीत. आमच्या गाडीला ते उपलब्ध नव्हते. तरीही संकेतस्थळाने ते यादीत दाखवले आणि निवडल्यावर शेवटच्या पानावर मुकाट्याने काढून टाकले. हा दोष सहज दूर करण्याजोगा आहे.

पॉलिसीची प्रत ईमेलवर लगेच आली. तिच्या पहिल्या पानावर एक लहानसा तक्ता असतो आणि तो प्रत्येकाने बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्यात गाडीची आयडीव्ही, विद्युत उपकरणे, विद्युतेतर उपकरणे, सीएनजी किंवा एलपीजी संच आणि शेवटी एकूण मूल्य असे रकाने असतात. कारखान्यातून बसवून आलेल्या वस्तूंची किंमत गाडीच्या मूल्यात धरलेली असते. नंतर बाजारातून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील किंवा सीएनजी संच मात्र वेगळा जाहीर करावा लागतो, आणि तो जाहीर केला नसेल तर त्या रकान्यात शून्य येते. माझ्या भावाने गाडीला बाहेरून सीएनजी संच बसवून घेतला आहे, आरसी पुस्तकातही त्याची नोंद आहे, पण पॉलिसीतील रकाना रिकामाच होता. दरपत्रकानुसार अशा संचावर त्याच्या किमतीच्या चार टक्के दराने हप्ता लागतो. साठ हजारांच्या संचासाठी सवलतींपूर्वी ही रक्कम 2,400 रुपये होते. ऑनलाइन अर्जात हा प्रश्न विचारला जातो, पण उत्तर आधीच ‘नाही’ असे भरलेले असते.

पाच वर्षांवरील गाड्यांच्या बाबतीत मात्र ऑनलाइन सेवेपेक्षा ओळखीचा एजंट उजवा ठरतो, असे माझे मत झाले आहे. आमच्या शेजारच्या काकांची गाडी आठ वर्षांची आहे. संकेतस्थळाने तिची आयडीव्ही इतकी कमी दाखवली की तशीच गाडी जुन्या बाजारात त्या पैशांत मिळणे अशक्य होते. त्यांचे एजंट घरी आले तेव्हा मीही तेथे होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने विचारले, “काका, आयडीव्ही थोडी खालीच ठेवू या ना? हप्ता हलका होईल.” काकांनी तशाच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि जवळपास तेवढेच किलोमीटर चाललेल्या गाड्यांच्या जाहिरातींची पाने समोर ठेवली आणि म्हणाले, “अहो, या भावात मला दुसरी गाडी आणून द्या, मग ठेवा खाली.” एजंटांनी कंपनीच्या शाखेत बोलून मूल्य वाढवून घेतले. त्यासाठी गाडीची पाहणी झाली, चेसिस क्रमांकाची छायाचित्रे गेली आणि दोन दिवसांत सुधारित हप्ता कळवण्यात आला. परस्पर संमतीने मूल्य ठरते याचा व्यवहारातला अर्थ इतका साधा आहे. मूल्य सुचवण्याचा हक्क मालकालाही आहे, आणि सोबत पुरावा ठेवला तर त्याचे म्हणणे ऐकले जाते. संकेतस्थळावरच्या कक्षेत अशा बोलण्याला जागा नाही.

दूरध्वनीवरील मदत-सेवेतील मुलगी सौजन्याने बोलत होती आणि मराठीतूनच बोलत होती, ही मला आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट वाटते. घसाऱ्याचा तक्ता तिला पाठ होता. परंतु 4,80,000 चा आकडा कोणत्या एक्स-शोरूम किमतीवरून काढला हे मी विचारले तेव्हा ती किंमत तिच्या पडद्यावरही दिसत नव्हती. ‘ताई, ते सिस्टीममधूनच येतं,’ एवढेच ती सांगू शकली. ज्या आकड्यावर संपूर्ण हिशेब उभा आहे तो ग्राहकाला दाखवायला काय हरकत असावी? धरलेली किंमत, गाडीचे वय, घसाऱ्याची टक्केवारी आणि निघालेले मूल्य अशा चार ओळी हप्त्याच्या वर छापल्या तरी पुरे आहे. त्या छापल्या जाईपर्यंत उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या व्हेरियंटची त्या दिवशीची किंमत स्वतः पाहून ठेवावी लागेल.

पाचपैकी मी या सेवेला तीन तारे देते. दोन तारे गेले ते किमान आयडीव्ही आधीच निवडून ठेवल्याबद्दल आणि हिशेब झाकून ठेवल्याबद्दल. पुढील वर्षीही मी बहुधा येथूनच नूतनीकरण करीन, कारण सर्व कंपन्यांचे दर एका जागी पाहण्याची सोय खरोखर उपयोगाची आहे. या वेळी आम्ही कक्षेतील वरचा, 5,28,000 रुपयांचा आकडा निवडला. किमान मूल्याच्या पॉलिसीपेक्षा आमचा हप्ता सुमारे अकराशे रुपयांनी जास्त बसला.